लॉगिन स्वागतसंदेश

लॉगिन स्वागतसंदेश म्हणजे वापरकर्त्याने संचालन प्रणालीत प्रवेश करताच पडद्यावर उमटणारा छोटा मजकूर होय. युनिक्स परंपरेतील प्रणालींमध्ये त्याला ‘मेसेज ऑफ द डे’, अर्थात ‘दिवसाचा संदेश’ म्हणतात. तो सामान्यतः ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एमओटीडी’ या फाइलमध्ये असतो.

इतिहास

ही प्रथा युनिक्सहून जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सीटीएसएस या प्रणालीत असा संदेश होता. १९६६ मध्ये तेथे एक प्रशासक हा संदेश, तर दुसरा त्याच वेळी पासवर्डची यादी संपादित करत होता. दोघांसाठीही संपादकाने एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरली, मजकुरांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे स्वागतसंदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. या प्रणालीचे प्रमुख फर्नांडो कॉर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही घटना सांगितली.

आशय

नवख्या वापरकर्त्यापुढे लॉगिननंतर केवळ लुकलुकणारा कर्सर असतो. पुढे काय टाइप करावे हे त्याला ठाऊक नसते. या दृष्टीने फ्रीबीएसडीचा संदेश आदर्श म्हणावा असा आहे. हस्तपुस्तिका व सुरक्षाविषयक सूचना कोठे मिळतील, मदतपृष्ठे कशी वाचावीत आणि निर्देशिकांची मांडणी कोणत्या आज्ञेने समजेल हे त्यात सांगितलेले असते. शिवाय हा संदेश कसा बदलावा हेही. डेबियनचा मूळ संदेश मात्र परवाना आणि हमी नसल्याची सूचना देऊन थांबतो. उबंटू सर्व्हरवर लॉगिनच्या वेळी डिस्कचा वापर, प्रलंबित अद्ययावतने इत्यादी माहिती आपोआप तयार होते. ती प्रशासकाच्या कामाची. सामायिक संगणकावरील विद्यार्थ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

रोज तोच मजकूर दिसू लागला की तो वाचला जात नाही. अनेक प्रणालींत वापरकर्ता आपल्या गृहनिर्देशिकेत ‘हशलॉगिन’ ही टिंबाने सुरू होणारी रिकामी फाइल ठेवून संदेश बंदही करू शकतो. मग यंत्र बंद राहणार असल्याची खरी सूचनाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कायमस्वरूपी मदत वेगळ्या फाइलमध्ये ठेवून संदेशात तिचा केवळ एका ओळीत उल्लेख करणे, तसेच सूचनांवर तारीख घालून मुदत संपताच त्या काढून टाकणे इष्ट ठरते. पारंपरिक टर्मिनलवर २४ ओळीच मावतात. त्याहून लांब संदेशाचा आरंभ वर सरकून दिसेनासा होतो.

मराठी संदेशाबाबत आणखी एक अडचण आहे. लिनक्सच्या साध्या मजकूर-कन्सोलवर जोडाक्षरे व मात्रा नीट जुळत नाहीत, त्यामुळे तेथे देवनागरी मजकूर वाचता येत नाही.