कॅरिबियन क्रूझवर स्नॉर्कलिंग कधी करायचं? आधी वारा बघा, मग तारीख

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. न्यू जर्सीत राहणारा आपला एक श्रोता आहे. त्याचे आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे येणार आहेत, एप्रिल ते ऑक्टोबर. त्याला दोघांना कॅरिबियन क्रूझवर न्यायचंय. बाबांना पोहता येतं, आईला अजिबात नाही. बाबांनी मालवणला एकदा स्नॉर्कलिंग केलंय आणि तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं आहे: "खरं निळं पाणी बघायचंय." मुलगा विचारतो, "दादा, एकदाच नेणं जमणार आहे. पैसे साठवून नेतोय. कुठला महिना बेस्ट?"

या प्रश्नाला इंटरनेटवर एका ओळीचं उत्तर मिळतं: डिसेंबर ते एप्रिल. ते चूक नाही, पण ते उन्हात खुर्ची टाकून बसणाऱ्यांसाठी जास्त खरं आहे. तुम्हाला पाण्यात तोंड घालून खाली बघायचं असेल, तर गणित थोडं बदलतं.

आधी थेट उत्तर

माझ्या मते स्नॉर्कलिंगसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात. दुसरा पर्याय नोव्हेंबर संपताना ते डिसेंबरचा मध्य. ऑगस्ट, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्येच जाणं शक्य असेल, तर दक्षिणेकडची बेटं निवडा: अरुबा, बोनेअर, कुरासाओ.

आता हे का, ते नीट समजून घेऊ. कारण कळलं की कुठल्याही क्रूझचा मार्ग बघून तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

मालवण आणि कॅरिबियनमधला फरक

आपल्याकडे सीझनचा निर्णय समुद्रच घेतो. पावसाळा आला की मालवण-तारकर्लीचं स्नॉर्कलिंग बंद. बोटी वर ओढून ठेवतात, विषय संपला. कॅरिबियनमध्ये तसं होत नाही. तिथे क्रूझ बारा महिने चालतात. वादळाच्या दिवसांतही जहाजं निघतात, फक्त वादळ टाळून दुसरीकडे वळतात. म्हणजे तिकीट मिळतंय याचा अर्थ पाणी चांगलं असेल असा होत नाही. निर्णय तुमच्यावर आहे.

आणि दुसरी गोष्ट. हॉटेलात राहिलात तर आज लाटा आहेत म्हणून उद्या जाता येतं. क्रूझवर एका बंदरात सहा ते नऊ तास मिळतात. त्यात उतरणं, रांग, टॅक्सी आणि परत येणं धरलं, तर पाण्यात जेमतेम दोन-तीन तास. तो दिवस वाऱ्याचा निघाला तर संपलंच. म्हणून क्रूझवाल्यांनी हवामानाचा विचार जास्त करायला हवा.

पाणी गरम असून भागत नाही

बहुतेक लोक विचारतात, "पाणी थंड असतं का?" खरं तर कॅरिबियनमध्ये ही अडचण सगळ्यात छोटी आहे. हिवाळ्यातही बहुतेक बेटांभोवती पाणी साधारण २६ अंश सेल्सिअस असतं, उन्हाळ्यात २८ ते ३०. अपवाद बहामाचा. ही बेटं उत्तरेला, अटलांटिकमध्ये आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत तिथलं पाणी २३-२४ अंशांवर येतं. ऐकायला ठीक वाटतं, पण अर्धा तास न हलता तरंगत राहिलात की दात वाजायला लागतात. बऱ्याच कॅरिबियन क्रूझ बहामाला थांबतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

खरा खेळ दोन गोष्टींचा आहे: वारा आणि पाऊस. वाऱ्याने लाटा उठतात, तळाची वाळू ढवळते, नळीत पाणी जातं. पावसाने डोंगरावरची माती वाहून समुद्रात येते आणि नितळ पाणी गढूळ होतं. कोझुमेल किंवा बोनेअरला चांगल्या दिवशी २०-३० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. वाईट दिवशी तेच पाणी दुधाळ होऊन जातं.

डिसेंबर ते मार्च: ऊन छान, वारा जास्त

शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो, आठवतंय? ते इथे प्रत्यक्ष भेटतात. कॅरिबियनमध्ये ते पूर्वेकडून, ईशान्येकडून वर्षभर वाहतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा जोर वाढतो. पूर्वेकडच्या बेटांवर लोक त्यांना चक्क 'ख्रिसमसचे वारे' म्हणतात. त्यातच उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांच्या लांब लाटा येऊन उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर आपटतात.

पश्चिमेकडे, म्हणजे कोझुमेल आणि ग्रँड केमनच्या बाजूला, आणखी एक पाहुणा येतो. अमेरिकेतून थंड हवेची लाट खाली उतरते आणि उत्तरेचा वारा सुटतो. मेक्सिकोत त्याला 'नोर्ते' म्हणतात. तो आला की एक-दोन दिवस छोट्या बोटींना बंदराबाहेर सोडत नाहीत. ग्रँड केमनला तर मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि लोकांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा मोठ्या असल्या तर उतरवणंच रद्द होतं.

म्हणजे या महिन्यांत पाऊस कमी, आकाश निळं, फोटो भारी, पण एखादं बंदर हातचं जाण्याची शक्यता आहे. वर नाताळ आणि मार्चची स्प्रिंग ब्रेक. तिकिटं महाग आणि रीफवर माशांपेक्षा माणसं जास्त.

एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात: सगळं जुळून येतं

या काळात उत्तरेच्या थंड लाटा थांबलेल्या असतात. पाणी २७-२८ अंशांपर्यंत तापलेलं असतं. सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे उजेड सरळ खाली पडतो आणि प्रवाळाचे रंग खुलतात. सुट्टीची गर्दी ओसरलेली असते. पश्चिमेकडच्या बेटांवर मे-जूनमध्ये पाऊस सुरू होतो, पण सुरुवातीला बरेचदा एखादी जोरदार सर येऊन जाते, दिवसभराची झड नाही.

चक्रीवादळांचा अधिकृत सीझन १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, पण जूनच्या सुरुवातीला मोठं वादळ सहसा होत नाही.

एक गोष्ट मात्र खुपते: सार्गासम. हे तपकिरी तरंगतं शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमधून त्याचे प्रचंड पट्टे कॅरिबियनकडे येऊ लागलेत. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत ते किनाऱ्यावर साचतं, कुजतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण ते वाऱ्याबरोबर पूर्वेकडून येतं, त्यामुळे मुख्यतः पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर अडकतं. यावरचा उपाय पुढे सांगतो.

जुलै ते ऑक्टोबर: स्वस्त का असतं?

कारण जोखीम आहे. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी धरली तर अटलांटिकमध्ये वर्षाला नाव मिळालेली १४ वादळं होतात, त्यातली सात हरिकेन. सर्वाधिक धोक्याचा दिवस मानतात तो १० सप्टेंबरच्या आसपासचा. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही दोन भयंकर वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने पूर्व कॅरिबियनवर आदळली. आणि जुलै सुरक्षित असतो असंही समजू नका. २०२४ मध्ये बेरिल १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं.

जहाज तुम्हाला वादळात नेणार नाही, ते मार्ग बदलेल. जिवाची भीती कमी, पण तुम्ही कोझुमेलच्या स्वप्नात असाल आणि भलत्याच बंदरात उतराल. बंदर बदललं म्हणून क्रूझ कंपनी सहसा तिकिटाचे पैसे परत देत नाही. विमा घेणार असाल तर लवकर घ्या. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.

अजून एक कारण आहे, ज्याबद्दल कमी बोललं जातं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सगळ्यात गरम होतं. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला बाहेर टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हाच मरतो असं नाही, पण उपाशी पडतो. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅरिबियनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर चौथ्यांदा असं संकट आलंय. त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गेलात आणि खाली पांढरं रान दिसलं, तर ते 'सुंदर पांढरं कोरल' नाही. ते आजारी आहे. अशा वेळी त्याला लाथ, हात, फिन काहीही लागू देऊ नका.

सगळ्यात उपयोगी युक्ती: बेटाची पश्चिम बाजू

आता मोबाइलवर नकाशा उघडा. वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे बेटाची पश्चिम बाजू आडोशाला. तिथे लाटा कमी, सार्गासम कमी, पाणी नितळ. कोझुमेलचे प्रसिद्ध रीफ नैऋत्येला आहेत. ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच पश्चिमेला. रोआतानचा वेस्ट बे तर नावातच पश्चिम. बोनेअरचं क्रालेंडाइक बंदर पश्चिमेला, अक्षरशः किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं. क्रूझमधली सहल निवडताना किनारा कुठल्या बाजूला आहे ते बघा, निम्मं काम झालं.

नियमाला अपवाद दोन. एक, हिवाळ्यातला नोर्ते, कारण तो उत्तरेकडून येतो. दोन, उलट्या दिशेने येणारं वादळ. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी नावाचं हरिकेन पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि एरवी शांत असणाऱ्या पश्चिम किनाऱ्यांनाच झोडपलं. असं क्वचितच होतं.

दक्षिणेची तीन बेटं

अरुबा, बोनेअर, कुरासाओ साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर, व्हेनेझुएलाजवळ आहेत. चक्रीवादळांचा नेहमीचा रस्ता यांच्या उत्तरेकडून जातो. हवा कोरडी, पाऊस कमी, म्हणून मातीही कमी वाहते. बोनेअरने तर १९७९ पासून किनाऱ्याभोवतीचं पाणी सागरी उद्यान म्हणून जपलंय. सप्टेंबरमध्ये जायचंच असेल तर पहिली पसंती हीच. फक्त ही बेटं लांब आहेत, त्यामुळे सात-आठ दिवसांची क्रूझ लागते. चार दिवसांच्या छोट्या क्रूझमध्ये ती बसत नाहीत.

पाण्यात उतरण्याआधी

सकाळची वेळ निवडा, दुपारी वारा वाढतो. कोझुमेलला पाण्याला चांगली ओढ असते, तिथे बोटवाल्या गाइडबरोबरच जा. तो तुम्हाला ओढीबरोबर वाहू देतो आणि पुढे उचलून घेतो. लाइफ जॅकेटची लाज बाळगू नका. मास्क पहिल्यांदा जहाजाच्या पूलमध्ये लावून बघा, खोल समुद्रात नाही. साठीच्या पुढचे कोणी असतील, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. दम लागला की लगेच हात वर.

सनस्क्रीनचं लेबल वाचा. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्स, अरुबा आणि बोनेअरला ऑक्सिबेंझोन असलेलं सनस्क्रीन चालत नाही. त्यापेक्षा लांब बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट बरा.

आणि घड्याळ! जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ कधीकधी वेगळी असते. परत चढायची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने धरा.

तर मित्रा, तुझ्यासाठी

आई-बाबा एप्रिलमध्ये येतायत ना? मग मेच्या पहिल्या तीन आठवड्यांतली तारीख बघ. कोझुमेल आणि ग्रँड केमन असलेला पश्चिमेचा मार्ग घे. बाबांना कोझुमेलच्या रीफवर सोड, गाइडबरोबर. आईला ग्रँड केमनच्या स्टिंगरे सिटीला ने. तिथे समुद्राच्या मधोमध वाळूचा उथळ पट्टा आहे, पाणी साधारण कमरेपर्यंत. पूर्वी मच्छीमार तिथे मासे साफ करायचे, त्या खाण्याला स्टिंगरे जमायला लागले. स्टिंगरे म्हणजे आपलं पाकट. पोहता न येणारा माणूसही तिथे उभा राहून त्यांना बघू शकतो. फक्त पाय घासत चालायचं, म्हणजे वाळूत लपलेल्या पाकटावर पाय पडत नाही.

आणि बुकिंगच्या आधी आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते बघ. क्रूझ देशाबाहेर जाते, परत येताना पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. मार्गावरच्या प्रत्येक देशाचा नियमही तपास.

मेमध्ये जमलं नाही तर जूनचा पहिला आठवडा. तोही गेला, तर सप्टेंबरमध्ये स्वस्त दिसतंय म्हणून पश्चिमेची क्रूझ घेऊ नकोस. थोडे जास्त पैसे लागले तरी दक्षिणेचा मार्ग घे. बाबांना निळं पाणी एकदाच बघायचंय, ते निळंच असू दे.

तुमच्यापैकी कोणी कॅरिबियनला जाऊन आलं असेल, तर महिना, बेट आणि पाणी कसं होतं, एवढं तीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!