राखीव मतदारसंघाचे स्थलांतर : उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ (१९७७ ते २००९)

मागील घटकात आपण मतदारसंघांच्या पुनर्रचनेची घटनात्मक चौकट अभ्यासली. कलम ८२, कलम ३३० आणि परिसीमन आयोगाची रचना आपण तेथे पाहिली. परंतु कायद्यातील एखादी तरतूद प्रत्यक्ष भूमीवर उतरली म्हणजे तिच्यामुळे कोणाला वाट मिळते आणि कोणाची वाट अडते, हे कलमे वाचून पुरते उमगत नाही. त्यासाठी एखादा मतदारसंघ हाती घेऊन त्याचा इतिहास तपासावा लागतो. प्रस्तुत घटकात आपण धाराशिव जिल्ह्यातील उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघाचा विचार करणार आहोत. या नावाचा मतदारसंघ आजही आहे. मात्र अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला उस्मानाबाद मतदारसंघ २००९ साली इतिहासजमा झाला. आपल्या अभ्यासाचा विषय तो आहे.

पूर्वपीठिका

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. राघवेंद्र दिवाण हे येथून निवडून गेलेले पहिले खासदार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ मध्ये व्यंकटराव नळदुर्गकर निवडून आले. त्यानंतर १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुका तुळशीराम पाटील यांनी जिंकल्या. हे तिघेही काँग्रेसचे. या काळात उस्मानाबाद हा सर्वसाधारण मतदारसंघ होता.

येथे शेजारच्या लातूरकडे पाहणे आवश्यक आहे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तोपर्यंत तो उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. साठच्या दशकात लातूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि तेथून तुळशीराम कांबळे निवडून येत. एकाच जिल्ह्यातील दोन मतदारसंघांचे खासदार तुळशीरामच असावेत, हा योगायोग जुन्या याद्या चाळताना विद्यार्थ्यांचा गोंधळ उडवतो. नावांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, जिल्ह्याच्या वाट्याला आलेली राखीव जागा त्या काळी लातूरकडे होती.

१९७७ : जागा बदलते

१९७१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना १९७६ मध्ये पूर्ण झाली आणि १९७७ च्या निवडणुकीपासून चित्र पालटले. लातूर सर्वसाधारण झाले, उस्मानाबाद राखीव झाले. महाराष्ट्रात त्या वेळी अनुसूचित जातींसाठी लोकसभेच्या तीनच जागा राखीव होत्या : बुलढाणा, पंढरपूर आणि उस्मानाबाद.

या बदलाचा पहिला परिणाम आणीबाणीनंतरच्या त्याच निवडणुकीत दिसून आला. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते आणि विधानसभेतील माजी विरोधी पक्षनेते उद्धवराव पाटील हे मूळ उस्मानाबादच्या राजकारणातले. परंतु उस्मानाबादची लोकसभेची जागा राखीव झाल्यामुळे तेथून त्यांना उभे राहता येणार नव्हते. ते लातूरमधून निवडून गेले. तिकडे उस्मानाबादेत मात्र काँग्रेसचे तुकाराम शृंगारे विजयी झाले. काँग्रेसविरोधी लाटेच्या वर्षी एका जिल्ह्याने दोन दिशांना कौल दिला, हे ध्यानात ठेवावे.

लातूर खुले झाल्याचा दीर्घकालीन लाभ शिवराज पाटील चाकूरकर यांना झाला. १९८० पासून १९९९ पर्यंत ते तेथून सलग सात वेळा निवडून आले आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. लातूर राखीवच राहिले असते, तर ही कारकीर्द तेथून घडलीच नसती.

राखीव पर्वाचे खासदार

१९७७ ते २००४ या काळात राखीव उस्मानाबादेत नऊ सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि पाच व्यक्ती निवडून आल्या. शृंगारे यांच्यानंतर १९८० मध्ये काँग्रेसचे टी. एन. सावंत आले. त्यानंतरचा मोठा काळ अरविंद कांबळे यांचा. १९८४, १९८९ आणि १९९१ अशा लागोपाठ तीन निवडणुका त्यांनी काँग्रेसतर्फे जिंकल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा-लोहारा परिसर आणि शेजारचे किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा येथील खासदार तेच होते.

१९५२ पासून सलग दहा निवडणुकांत काँग्रेसकडे राहिलेली ही जागा १९९६ मध्ये शिवसेनेच्या शिवाजी कांबळे यांनी जिंकली. १९९८ मध्ये अरविंद कांबळे परतले. १९९९ मध्ये पुन्हा शिवाजी कांबळे. २००४ मध्ये शिवसेनेच्याच कल्पना नरहिरे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मण ढोबळे यांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. या मतदारसंघाच्या त्या पहिल्या महिला खासदार होत आणि २०२४ पर्यंतच्या निवडणुका विचारात घेता एकमेव. ही जागा राखीव नसती, तर त्या काळातील पक्षांनी येथे एखाद्या दलित स्त्रीला उमेदवारी दिली असती का, असा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर नकारार्थी आहे.

राखीव जागेचा खासदार कोणाचा?

या विषयाचा गाभा येथे आहे. १९३२ च्या पुणे करारानुसार स्वतंत्र मतदारसंघांची कल्पना मागे पडून संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा, ही पद्धत रूढ झाली. म्हणजेच उमेदवार अनुसूचित जातीचाच असला पाहिजे. मतदार मात्र सर्व जातिधर्मांचे. राखीव मतदारसंघातही अनुसूचित जातींचे मतदार संख्येने अल्पमतातच असतात. परिणामी निवडून येण्यासाठी उमेदवाराला इतर समाजांची आणि मुख्यतः मोठ्या पक्षांची कृपा लागते. स्वतंत्र बाण्याचा दलित नेता अशा जागेवरून क्वचितच निवडून येतो, ही टीका यातूनच उद्भवते. वरील पाचही खासदार काँग्रेस किंवा शिवसेना या प्रस्थापित पक्षांचेच होते, हे या टीकेला पुष्टी देणारे आहे. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दिल्लीच्या सभागृहात बसणारा आपला माणूस वस्तीतील मुलाला दिसतो, आणि गावच्या पाटलालाही त्याच्याकडे अर्ज घेऊन जावे लागते. या गोष्टीचे मोल मतांच्या हिशेबात मांडता येत नाही.

२००८ ची पुनर्रचना

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे केलेली पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली. राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात आणि शक्यतो अनुसूचित जातींचे प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या क्षेत्रांत असाव्यात, असे परिसीमन अधिनियम सांगतो. ठरावीक मुदतीने जागा फिरवावी, असे तो सांगत नाही. जागा हलते ती पुनर्रचनेच्या निमित्तानेच. या फेरीत महाराष्ट्रातील राखीव जागा तीनवरून पाच झाल्या : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. जुन्या तिन्ही जागांचे आरक्षण संपले. पंढरपूर मतदारसंघ तर नकाशावरूनच पुसला गेला. तेथील खासदार रामदास आठवले २००९ मध्ये शिर्डीतून उभे राहिले आणि पराभूत झाले.

उस्मानाबाद आणि लातूर यांची अदलाबदल अशा रीतीने दुसऱ्यांदा झाली. लातूरमध्ये २००९ साली काँग्रेसने कोल्हापूर जिल्ह्यातील जयवंत आवळे यांना उभे केले व ते निवडून आले. नव्याने राखीव झालेल्या जागी पक्ष बाहेरचा उमेदवार आणतात, कारण जिल्ह्यात दलित नेतृत्व वाढू देण्याचे कष्ट त्यांनी आधी घेतलेले नसतात.

विधानसभेच्या पातळीवर हेच घडले. राखीव असलेला कळंब मतदारसंघ रद्द झाला आणि उमरगा राखीव झाला. उमरग्याचे माजी आमदार रवींद्र गायकवाड यांची तेथील वाट बंद झाली. २००९ मध्ये ते शिवसेनेकडून लोकसभेला उभे राहिले, राष्ट्रवादीच्या पद्मसिंह पाटील यांच्याकडून थोडक्या मतांनी हरले आणि २०१४ मध्ये मोठ्या फरकाने जिंकले. २०१९ व २०२४ मध्ये ओमप्रकाश राजेनिंबाळकर निवडून आले. आजच्या मतदारसंघात उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा यांच्यासह लातूर जिल्ह्यातील औसा व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे विधानसभा मतदारसंघ येतात.

अभ्यासताना नावांबाबत एक काळजी घ्यावी. शहर व जिल्हा यांचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले; परंतु २०२४ ची लोकसभा निवडणूक उस्मानाबाद याच नावाने झाली, कारण मतदारसंघाचे नाव परिसीमन आदेशात नमूद असते. जुने निकाल शोधताना म्हणूनच दोन्ही नावे हाताशी ठेवावीत.

स्वाध्याय

आपल्या लोकसभा मतदारसंघाची १९७७ पूर्वीची, १९७७ ते २००४ मधील आणि २००९ नंतरची स्थिती नोंदवा. त्याचे आरक्षण कधी बदलले असल्यास, त्या वर्षी कोणत्या विद्यमान लोकप्रतिनिधीला जागा सोडावी लागली आणि त्याच्या जागी आलेला उमेदवार स्थानिक होता की बाहेरचा, हे ३०० शब्दांत लिहा.