उत्तर बरोबर, मग गुण का कापले?

अंबरनाथच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. काही मुलं इथलीच, काही बदलापूरहून लोकलने येणारी, काही उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचमधली. पहिल्या चाचणीचे पेपर घरी गेले की पालकांची तक्रार ठरलेली असते: "बाई, उत्तर बरोबर आहे, मग गुण का कापले?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देणं माझं काम आहे. दहावीच्या चाचणीत मी एक गणित घातलं होतं. जीन्स शिवायच्या एका गाळ्याची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. गुण ४. एका मुलाने एवढंच लिहिलं: रुंदी ७, लांबी १२. उत्तर अचूक. ज्यांचा गुणाकार ८४ आणि फरक ५, अशी जोडी त्याने मनातच शोधली होती. त्याला मी १ गुण दिला. त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीने रुंदी 'क्ष' मानली, लांबी 'क्ष अधिक ५' लिहिली, वर्गसमीकरण नीट मांडलं आणि अवयव पाडताना चिन्हांचा घोळ केला. तिचं उत्तर चुकलं. तिला २ मिळाले.

मुलाचे वडील कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाई करतात. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे माल बरोबर निघाला की पैसे मिळतात. शिवताना काय केलं ते कोण विचारतं?" मी मुलाला तिथेच बोलावलं आणि म्हटलं, गाळा ८४ ऐवजी ७५ चौरस मीटरचा धर. त्याने ५ आणि १५ करून बघितलं, ३ आणि २५ करून बघितलं. फरक ५ येईना. अशी पूर्णांकांची जोडीच नाही. समीकरण मांडून सूत्र वापरलं तर रुंदी साडेसहा मीटरच्या किंचित वर निघते. शिवाय ८४ च्या समीकरणाची उत्तरं दोन येतात, ७ आणि उणे १२. रुंदी ऋण नसते म्हणून उणे १२ सोडायचं, हे एक वाक्य लिहिलं की मुलाला आपण काय करतोय ते कळलंय हे तपासणाऱ्याला दिसतं. बीजगणितात गुण या पायऱ्यांना असतात. वडिलांना हे पटलं. मुलगा मात्र आठवडाभर घुश्शात होता.

पालकांचा गोंधळ होण्याला आणखी एक कारण आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दहावी दिली ती साडेसातशे गुणांच्या काळात. तेव्हा बीजगणित ७५ आणि भूमिती ७५ असायची. आता गणित भाग १ म्हणजे बीजगणित ४० गुणांचं, भाग २ म्हणजे भूमिती ४० गुणांची, प्रत्येकी दोन तासांचा पेपर, आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातात. बीजगणितात सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. पेपरमधले ८ गुण एकेका गुणाच्या प्रश्नांचे, ७ गुण चौकटी भरायच्या कृतींचे. खरा कस लागतो तो चार-चार गुणांच्या दोन प्रश्नांत आणि शेवटच्या तीन गुणांच्या प्रश्नात, जिथे मुलाला स्वतः विचार करून मांडणी करावी लागते. पर्याय धरून पेपरात ६० गुणांचे प्रश्न असतात, त्यामुळे एखादं प्रकरण 'ऑप्शनला टाकायची' पद्धत सगळीकडे आहे. मला ती मान्य नाही. वर्गसमीकरणं ऑप्शनला टाकून अकरावी सायन्सला गेलेली मुलं भौतिकशास्त्राच्या पहिल्या महिन्यातच अडतात.

आता त्या २० गुणांविषयी. ते गृहपाठाचे आणि बहुपर्यायी चाचणीचे असतात. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि अंतर्गत मिळून १०० पैकी ३५ हवेत. म्हणजे अंतर्गतचे पैकीच्या पैकी पडले, तर दोन्ही लेखी पेपर मिळून ८० पैकी १५ गुण पुरतात. अंतर्गत गुणांचं वजन किती असतं ते २०१९ साली सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. गणिताचे २० तेव्हाही शाबूत होते. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच रद्द झाली, सगळं मूल्यमापन शाळांनी केलं आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या मुलांचा काही दोष नव्हता, पण कोणाला काय येतं हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नव्हता.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानाची उत्तीर्णतेची मर्यादा ३५ वरून २० वर आणण्याचा प्रस्ताव होता. पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही, असा शेरा मात्र गुणपत्रिकेवर पडणार होता. गणितापायी दहावीत अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे या प्रस्तावामागची कळकळ मला समजते. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर असा शेरा मारायला माझा हात धजणार नाही. आणि अंतर्गतचे गुण आजच्यासारखेच राहिले, तर २० ची रेघ लेखीत काहीही न लिहिता गाठता येईल, याचं काय करायचं?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाला नववीत बीजगणिताच्या पहिल्याच दिवशी एक कागद मिळाला: चाचण्यांना किती टक्के, गृहपाठाला किती, उशिरा दिलं तर काय. पालकांनी वाचून सही करायची. मला हे फार आवडलं. आता जूनच्या पालकसभेत मीही एक पानभर नियम वाटते. गृहपाठाचे गुण प्रयत्नाला आहेत, उत्तराला नाहीत. गाईडवरून उतरवलेलं मला लगेच ओळखू येतं, कारण चुकासुद्धा गाईडमधल्याच असतात. त्याला शून्य. चुकलेली पायरी पुसायची नाही, एक रेघ मारून तशीच ठेवायची, म्हणजे मूल कुठे अडलं ते मला दिसतं. चाचणीत कमी पडले तर त्याच प्रकरणावर दुसरी चाचणी, आणि दोन्हींतले जास्त गुण धरायचे.

'गृहपाठ वेळेवर' हा नियम मात्र मला सैल करावा लागला. कॅम्प चार-पाचमधली काही मुलं संध्याकाळी घरी पँटींचे धागे कापायला बसतात. एका खोलीत शिवणयंत्र, टीव्ही आणि धाकटी भावंडं. आदल्या दिवशीची वही आली नाही म्हणून त्यांचे गुण कापले, तर मी बीजगणिताचे कापत नाही, घराचे कापते. म्हणून शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवते. ज्याला घरी जमत नाही त्याने तिथे बसून करावं. बदलापूरची मुलंही थांबतात, पुढच्या लोकलने जातात.

या अर्ध्या तासात मला जे दिसतं ते कोणत्याच गुणपत्रिकेत येत नाही. दहावीच्या मुलाला वर्गसमीकरणाचं सूत्र तोंडपाठ असतं, आणि अडतो तो उणे गुणिले उणे इथे, किंवा अपूर्णांकांच्या बेरजेत. हे सातवी-आठवीचं राहून गेलेलं काम आहे. मार्चमध्ये नापास झालेली मुलं जुलैच्या पुरवणी परीक्षेसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा पहिले काही दिवस मी दहावीचं पुस्तक उघडतच नाही. कंस सोडवायचे, चिन्हं सांभाळायची, अपूर्णांक जुळवायचे, एवढंच. मग रेषीय समीकरणं सुरू करते, आणि प्रत्येकाला बजावते, उत्तर आलं नाही तरी मांडणी पूर्ण लिही.