समुद्र सर्वांचा : बार्बाडोसच्या किनाऱ्यावरची सुटी

२९ जून २०२४ च्या रात्री आपल्या वस्तीत कोण झोपले होते? भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तो सामना ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर झाला. ब्रिजटाऊन ही कॅरिबियनमधल्या बार्बाडोस देशाची राजधानी. बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचे, लोकवस्ती तीन लाखांहून कमी. मैदान आपण पाहिले. आज तिथला समुद्रकिनारा पाहू, तोही परिचारिकेच्या नजरेने.

आरोग्य म्हणजे फक्त गोळ्या-इंजेक्शने नव्हेत. विश्रांती, मोकळी हवा आणि घरच्यांसोबत घालवलेला एक दिवस हीसुद्धा शरीराची गरज आहे. बार्बाडोसमधले कष्टकरी हे ओळखून आहेत. सुटीच्या दिवशी मकरोनी पाय, भात आणि तळलेली कोंबडी डब्यात भरून घरेच्या घरे किनाऱ्यावर जातात. पुष्कळ म्हातारी माणसे पहाटेच समुद्रात डुंबून येतात. त्याला ते ‘सी बाथ’ म्हणतात.

वाळू कोणाची?

या बेटावर इंग्रजांनी उसाचे मळे उभे केले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या घामावर. १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, पण मळ्यावरच्या सक्तीतून खरी सुटका १८३८ साली झाली. आजचे बहुसंख्य रहिवासी त्यांचेच वंशज. बार्बाडोसमध्ये सर्व किनारे सार्वजनिक आहेत. कितीही महागडे हॉटेल असो, समोरच्या वाळूवर कोणीही बसू शकतो. पण रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये हॉटेलांची रांग उभी राहिली की किनाऱ्यापर्यंत जाणारी पायवाटच उरत नाही. म्हणून तिथले लोक पायवाटांसाठी जागरूक असतात. जमैकात तर १९५६ चा किनारा कायदा सामान्य माणसाला समुद्रस्नानाचा सरसकट हक्कच देत नाही. त्याविरुद्ध तिथे चळवळ चालू आहे. किनारा बंद झाला की गरिबाची फुकटातली विश्रांती बंद होते.

पाणी ओळखा

बार्बाडोसचा पश्चिम किनारा शांत. मुलांना घेऊन जायचे तर तिकडेच. पूर्वेला बाथशेबा येथे अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात, तिथे पोहणे धोक्याचे. स्थानिक लोक खडकांमधल्या उथळ डबक्यांत बसून अंघोळ करतात. लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नये.

ओढ लागून माणूस आत खेचला गेला तर प्रवाहाशी झुंजू नये, दमून माणूस बुडतो. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

मी वॉर्डात असताना बुडालेली मुले यायची. पुष्कळदा लोकांनी त्यांना आधी उलटे टांगून, पोट दाबून पाणी काढायचा प्रयत्न केलेला असायचा. त्यात लाखमोलाची मिनिटे जातात. मूल श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर निजवा, डोके किंचित मागे करा, तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला मदत बोलवायला सांगा. बार्बाडोसमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक ५११ आहे. हे आपल्या विहिरी-तलावांनाही लागू आहे.

विषारी झाडाची सावली

तिथल्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते. फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखे, वास गोड, पण फळ, पान, चीक सगळे विषारी. पावसात त्याखाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात. अनेक झाडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो. चीक लागलाच तर साबणपाण्याने धुवावे, डोळे चोळू नयेत, फळ तोंडात गेले असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

२०११ पासून सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळही ढिगाने वाहून येते. ते कुजले की सडक्या अंड्यासारखा वास येतो, डोके दुखते. दम्याच्या रुग्णांनी अशा वाळूपासून दूर राहावे.

ऊन आणि डबा

दहा ते चारचे ऊन टाळावे. सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही हा गैरसमज आहे, ती भाजतेही आणि शरीरातले पाणीही आटते. सहा महिन्यांखालील बाळाला सावलीतच ठेवावे आणि वारंवार अंगावर पाजावे. मोठ्यांनी तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यावे. थंडगार रंगीत पेये म्हणजे पाणी नव्हे. मधुमेह आणि रक्तदाब हे बार्बाडोसचे मोठे दुखणे आहे. म्हणून सरकारने २०१५ मध्ये गोड पेयांवर १० टक्के कर लावला आणि २०२२ मध्ये तो २० टक्के केला. ज्या मातीतून जगाला साखर गेली, तिथल्याच माणसांच्या रक्तात ती साठली!

शेवटचे एक. किनारा कुठलाही असो, मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्यावर नजर ठेवावी. मोबाइल खिशात. दर अर्ध्या तासाने पाळी बदला आणि त्यात बापांनाही धरा. आई सकाळपासून डबे भरते, किनाऱ्यावर ते वाढते आणि भांडी आवरते. पदर खोचून तीही गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तरच ती सुटी सगळ्या घराची.