सनद आणि स्वपरीक्षा : ओंटारिओचे किनेसिऑलॉजी नियामक मंडळ

ज्या व्यवसायाच्या हाती शस्त्र नाही, सुई नाही, औषध लिहून देण्याचा अधिकार नाही आणि रोगनिदान उच्चारण्याची मुभाही नाही, त्या व्यवसायावर कायद्याचा अंमल बसवण्याची गरज एखाद्या सरकारला का भासावी, हा प्रश्न रास्त आहे. आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १ एप्रिल २०१३ पासून किनेसिऑलॉजिस्टांना सनदी आरोग्यव्यवसायांच्या पंक्तीत आणून बसवले तेव्हा तो अनेकांच्या मनात उद्भवला असेल तर नवल नाही. किनेसिऑलॉजी म्हणजे मानवी हालचालींचे शास्त्र. माणूस चालतो, वाकतो, ओझे उचलतो, जिना चढतो, तेव्हा त्याच्या स्नायूंत, सांध्यांत आणि मज्जासंस्थेत काय घडते, वयाने, श्रमाने वा दुखापतीने त्यात कोणते वैगुण्य येते आणि ते कसे भरून काढता येते, याचा हा अभ्यास. शारीरिक शिक्षणाच्या मैदानावरून हा विषय विद्यापीठीय प्रयोगशाळेत आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ओंटारिओतील वॉटरलू विद्यापीठात १९६७ साली त्याचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि पुढे त्याच विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांच्यासारख्या संशोधकांनी कोणत्या हालचालीत पाठीच्या कण्यावर किती भार पडतो याची मोजमापे घेण्यात आयुष्याची दशके वेचली.

या शास्त्राचा व्यवसाय करणाऱ्याचे कार्यक्षेत्र रुग्णालयापुरते मर्यादित नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्यातून सावरणाऱ्या गृहस्थाला किती वेगाने चालू द्यावे, एकदा पडल्यानंतर घराबाहेर पाऊल टाकण्यास धजत नसलेल्या वृद्धेचा तोल आणि धीर कसा परत आणावा, हे त्याचे काम आहेच. परंतु त्याचा मोठा वावर कारखान्यांत, गोदामांत आणि विमा कंपन्यांच्या दफ्तरांत आहे. पाठीला इजा झालेला कामगार पुन्हा कामावर रुजू होण्यास योग्य झाला की नाही, किती किलो वजन तो किती उंचीपर्यंत आणि दिवसातून कितीदा उचलू शकेल, पाळीचे आठ तास उभे राहणे त्याला झेपेल काय, याची परीक्षा घेऊन अहवाल लिहिणारा माणूस बहुधा हाच असतो. ओंटारिओतील कामगार-नुकसानभरपाईची व्यवस्था सर विल्यम मेरेडिथ यांच्या १९१३ च्या अहवालावर उभी राहिली. तिचे मूलसूत्र असे की, अपघातग्रस्त कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडावा आणि त्याच्या मोबदल्यात, दोष कोणाचा याचा काथ्याकूट न करता, त्याला भरपाई मिळावी. हा हक्क एकदा सोडल्यावर त्या माणसाचे भवितव्य कोर्टातील साक्षीपुराव्यांपेक्षा त्याच्या शारीरिक क्षमतेविषयी लिहिलेल्या चार कागदांवर अधिक अवलंबून राहते. त्यातही अनेकदा अहवालाची फी कोणी दुसराच देतो आणि अहवालाचा परिणाम मात्र परीक्षा झालेला माणूस भोगतो. चुकीच्या व्यायामाने गुडघा बिघडू शकतो, हे खरे. पण घाईने वा पक्षपाताने लिहिलेल्या एका वाक्याने संसाराची घडी विस्कटू शकते, आणि माझ्या मते या व्यवसायावर नियंत्रण ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण हेच आहे.

ओंटारिओने ज्या चौकटीत हा व्यवसाय घेतला ती चौकटही समजून घेण्याजोगी आहे. १९८० च्या दशकात ॲलन श्वॉर्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली तेथील आरोग्यव्यवसायांच्या कायद्यांची प्रदीर्घ फेरतपासणी झाली, तिचा अहवाल १९८९ साली बाहेर आला आणि त्यातून १९९१ चा विनियमित आरोग्यव्यवसाय कायदा जन्मास येऊन ३१ डिसेंबर १९९३ पासून अमलात आला. या कायद्याने एक मूलगामी फेरबदल केला. अमुक उपचार अमुक धंद्याची मक्तेदारी, ही जुनी वहिवाट मोडून त्याने केवळ धोक्याच्या कृत्यांची यादी केली : त्वचेखाली छेद घेणे, हाड बसवणे, इंजेक्शन देणे, निदान सांगणे, कण्याच्या सांध्याला वेगाने झटका देणे आणि अशीच आणखी काही. ही कृत्ये ज्यांना कायद्याने सोपवली त्यांनीच करावीत. बाकीचे क्षेत्र सर्वांना खुले, मात्र गंभीर शारीरिक इजा होण्याचा संभव दिसत असताना अनधिकृत माणसाने उपचार वा सल्ला देऊ नये, एवढी लक्ष्मणरेषा आखलेली. किनेसिऑलॉजिस्टांना या यादीतील एकही कृत्य सोपवलेले नाही. असे असूनही सरकारच्या सल्लागार मंडळाने २००६ साली त्यांच्या नियमनाची शिफारस केली, २००७ मध्ये किनेसिऑलॉजी कायदा संमत झाला आणि हंगामी परिषदेने नियमांचे मसुदे, परीक्षा आणि नोंदणीची घडी बसवण्यात पुढची काही वर्षे घालवल्यानंतर २०१३ साली तो पूर्णांशाने लागू झाला. कॅनडात असे करणारा ओंटारिओ हा पहिला प्रांत.

या नियामक संस्थेचे अधिकृत नाव ‘कॉलेज ऑफ किनेसिऑलॉजिस्ट्स ऑफ ओंटारिओ’ असले तरी तेथे अध्यापन होत नाही; ती आपल्याकडील वैद्यक परिषदेच्या जातीची संस्था आहे. तिचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून चालतो, परंतु कायद्याने तिच्यावर घातलेले कर्तव्य सभासदांचे हितरक्षण हे नसून लोकहिताचे रक्षण हे आहे. व्यवसायाची बाजू मांडणारी, त्याची कीर्ती वाढवणारी संघटना निराळी आहे, आणि या दोन संस्था निराळ्या राखण्यात ओंटारिओने जी दक्षता घेतली ती मला अत्यंत महत्त्वाची वाटते. कारण जेथे एकच मंडळ सकाळी व्यवसायाची वकिली करते आणि दुपारी त्याच व्यवसायाच्या गुन्ह्यांचा न्यायनिवाडा करते, तेथे तक्रारदाराच्या पदरात काय पडते याचा अनुभव अनेक देशांनी घेतलेला आहे. परिषदेवर व्यवसायबंधूंनी निवडून दिलेले सभासद असतात, विद्यापीठीय अध्यापकांना स्थान असते, आणि त्यांच्या जोडीला प्रांतिक सरकारने नेमलेले, या व्यवसायाशी संबंध नसलेले सामान्य नागरिकही असतात. तज्ज्ञांच्या बैठकीत अतज्ज्ञ माणसाने निःसंकोच प्रश्न विचारावा, हा त्या नेमणुकीचा हेतू.

सनद मिळण्यासाठी किनेसिऑलॉजीची विद्यापीठीय पदवी वा तिच्याशी समकक्ष शिक्षण, प्रवेशपरीक्षा, कायद्याचे ज्ञान आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा, या गोष्टी लागतात. सनद मिळाल्यावर ‘किनेसिऑलॉजिस्ट’ ही उपाधी वापरता येते आणि सनदेवाचून ती वापरणे बेकायदा ठरते. या उपाधिरक्षणाला विशेष अर्थ आहे, कारण याच नावाशी साम्य असलेली, १९६४ साली जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने प्रवर्तित केलेली एक पद्धती जगभर पसरलेली आहे, जी हाताने स्नायूचे बळ अजमावून आहारदोषांपासून अवयवांच्या विकारांपर्यंत सर्व काही ओळखण्याचा दावा करते आणि जिला शास्त्रीय कसोट्यांचा आधार मिळालेला नाही. दारावरची पाटी वाचून आत शिरणाऱ्या दुखणाईताला हा भेद कसा कळावा? तो कळावा म्हणून सभासदांची नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवलेली आहे, आणि कोणाच्या सनदेवर काही निर्बंध असल्यास तेही तीत नमूद असतात.

तक्रारीची व्यवस्था इतर आरोग्यव्यवसायांसारखीच आहे. तिचा थोडक्यात निर्देश पुरे. तक्रार लेखी वा ध्वनिमुद्रित स्वरूपात यावी लागते, चौकशी समिती तिची छाननी करते, प्रसंगी समज देते वा शिक्षणाची सक्ती करते, गंभीर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते आणि त्या समितीची सुनावणी सामान्यतः जाहीर होते. चौकशी समितीचा निर्णय मान्य नसल्यास स्वतंत्र प्रांतिक मंडळाकडे दाद मागता येते. रुग्णाच्या लैंगिक शोषणाविषयी कायदा विशेष कठोर आहे : ठरावीक कृत्ये सिद्ध झाल्यास सनद रद्द करण्यावाचून समितीला गत्यंतर नसते, पाच वर्षांपर्यंत पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि पीडित व्यक्तीच्या मानसोपचाराच्या खर्चाची तरतूद संस्थेलाच करून ठेवावी लागते. जो व्यवसाय रोज परक्या देहाला स्पर्श करतो त्याच्या बाबतीत ही कठोरता सर्वथा उचित आहे.

परंतु या संस्थेचे खरे वैशिष्ट्य मला जेथे आढळते तो विभाग शिक्षेचा नाही. गुणवत्ता-आश्वासन या नावाने तो ओळखला जातो आणि प्रत्येक नियामक संस्थेने तो चालवलाच पाहिजे असे मूळ कायद्यात लिहिलेले आहे. तक्रार येवो अथवा न येवो, सनदधारकाचे ज्ञान, कौशल्य आणि विवेक ताजे आहेत की नाहीत हे पाहण्याचे तीन मार्ग कायद्याने नेमून दिले : अखंड शिक्षण, स्वतःची, समव्यावसायिकांकडून आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा, आणि सभासद यात खरोखर भाग घेतात की नाही यावर देखरेख. किनेसिऑलॉजिस्टाने ठरलेल्या क्षमतांच्या तक्त्यापुढे आपले काम ठेवून पाहावे, आपण कोठे उणे पडतो हे स्वतः लिहून काढावे, त्यावरून शिकण्याची उद्दिष्टे ठरवावीत आणि त्यांचे पुढे काय झाले याची नोंद ठेवावी, अशी रीत आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना सनदेच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुणांक-तास भरावे लागतात आणि परिसंवादाचे प्रमाणपत्र हाच त्याचा दाखला मानला जातो. तो नियम निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, परंतु सभागृहात काढलेल्या तासांवरून त्या डॉक्टराच्या तपासणीच्या खोलीत काय चालते याचा अंदाज बांधणे अवघड आहे. ओंटारिओची रीत त्या खोलीचे दार ठोठावते. दरवर्षी काही सभासद सरसकट यादीतून, कोणताही संशय नसताना, निवडले जातात, आणि त्याच व्यवसायातला प्रशिक्षित परीक्षक त्यांच्याशी प्रत्यक्ष प्रकरणांविषयी चर्चा करतो : या रुग्णाची संमती कशी घेतली, ही चाचणी का निवडली, त्याने छातीत दुखत असल्याचे सांगितले तेव्हा काय केले, अहवालातील हा निष्कर्ष कोणत्या नोंदीवर आधारलेला आहे. सभासदाला सहकार्य नाकारता येत नाही. परीक्षकाला कामाची जागा आणि दफ्तर पाहण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे.

अहवालातील निष्कर्ष कशावर आधारलेला, या परीक्षकाच्या शेवटच्या प्रश्नापाशी मी थोडा थांबतो, कारण या व्यवसायाचे सारे नैतिक ओझे त्याच्यावर आहे. ‘कामगार जाणूनबुजून कमी जोर लावतो’ असे लिहिणे आणि ‘तिसऱ्या प्रयत्नात पकडीचे बळ घटले, त्या वेळी त्याने मनगट दुखत असल्याचे सांगितले’ असे लिहिणे, यांत पहिले एका माणसाच्या प्रामाणिकपणाविषयीचे मत आहे आणि दुसरे निरीक्षण आहे. दोहोंतला भेद ज्याला दिसत नाही त्याच्याविरुद्ध कदाचित कधीच तक्रार येणार नाही, कारण ज्या मजुराची भरपाई थांबली त्याला तक्रार करण्याजोगा अपराध नेमका कोठे घडला हे समजणारच नाही. तक्रारींवर विसंबणारी व्यवस्था अशा दोषांपर्यंत पोचू शकत नाही. दफ्तर उघडून, लिहिणाऱ्याला समोर बसवून, ‘हे तुम्ही कशावरून लिहिले’ असे विचारणारा समव्यावसायिकच तेथवर पोचतो.

आता असा प्रश्न येतो की, आपले उणे स्वहस्ते लिहून नियामकाच्या हाती कोण देईल? जो कागद उद्या आपल्यावर आरोपपत्र होऊन परत येऊ शकतो त्यावर शहाणा माणूस केवळ आपल्या सद्गुणांचीच नोंद करील. कायदा करणाऱ्यांनी हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान मसुद्यात उतरवले. १९९१ च्या मूळ कायद्याला जोडलेल्या प्रक्रियासंहितेच्या ८३.१ क्रमांकाच्या कलमाने गुणवत्ता समितीकडे आलेली माहिती गोपनीय ठरवली, आणि शिस्तभंगाच्या कारवाईत ती सभासदाविरुद्ध वापरण्यास प्रतिबंध केला. समितीला एखाद्याचे ज्ञान वा विवेक असमाधानकारक आढळले तर ती त्याला विशिष्ट शिक्षण घेण्यास भाग पाडते, आणि आवश्यक वाटल्यास ठरावीक मुदतीसाठी त्याच्या सनदेवर अटी घालण्यास निबंधकाला सांगते. गैरवर्तन, अक्षमता वा असमर्थता यांचा संभव तिला दिसला तर ती त्या सभासदाचे नाव आणि आरोपाचे स्वरूप एवढेच चौकशी समितीला कळवू शकते; पुरावा त्या समितीने आपल्या मार्गाने नव्याने गोळा करायचा. एकाच संस्थेच्या दोन खोल्यांमध्ये कायद्याने उभारलेली ही भिंत मला या सबंध रचनेतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग वाटते.

या भिंतीवर आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. रुग्णाच्या दृष्टीने पाहता, आपल्यावर उपचार करणाऱ्याचे न्यून संस्थेला ठाऊक असून ते आपल्यापासून झाकलेले असावे, हे कोणाला रुचेल? एकीकडे नोंदवही खुली करायची, सुनावणी जाहीर घ्यायची आणि दुसरीकडे हे दप्तर मोहोरबंद ठेवायचे, यात विसंगती दिसते. तरीही मी त्या मोहोरेच्या बाजूचा आहे; कारण झाकलेले दप्तर उघडले तर रुग्णाला सत्य मिळेल असे नसून, दुसऱ्या दिवसापासून त्या दप्तरात सत्य लिहिले जाणार नाही, एवढेच घडेल. मला अधिक गंभीर वाटणारी उणीव निराळी आहे. समव्यावसायिकाची परीक्षा परीक्षकाच्या योग्यतेइतकीच चांगली असते, आणि क्रीडापटूंसमवेत आयुष्य घालवलेल्या परीक्षकाला विम्याचे अहवाल लिहिणाऱ्याच्या कामातील खाचाखोचा उमगतीलच असे नाही. व्यवसायाचे क्षेत्र जितके विस्तीर्ण तितके हे कार्य कठीण, आणि किनेसिऑलॉजीचे क्षेत्र तर रुग्णालयाच्या पलंगापासून मोटार कारखान्याच्या पट्ट्यापर्यंत पसरलेले आहे.

मराठी वाचकाला हा सर्व प्रपंच दूरचा वाटण्याचे कारण नाही. दुखावलेल्या देहाला पुन्हा कामाला लावण्याची विद्या मुंबईत १९५० सालीच रुजली, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा त्या वर्षी सुरू केली. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने स्वतंत्र राज्य परिषद निर्माण केली, आणि २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यव्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा केला, ज्यात शिक्षणाची मानके, प्रवेश आणि निर्गम परीक्षा, व्यावसायिक आचारसंहिता आणि मध्यवर्ती नोंदवही यांची तरतूद आहे. सनद देण्यापूर्वीच्या विद्यार्थ्याची चिंता अशा तरतुदींत सविस्तर वाहिलेली असते. सनद मिळून वीस वर्षे झालेल्या माणसाच्या दफ्तरात कोणी आणि कसे डोकवावे, आणि तेथे जे दिसेल त्याचा उपयोग कशासाठी करावा व कशासाठी करू नये, हे नियमांवर सोपवलेले असते. ते नियम लिहिणाऱ्यांच्या मेजावर ओंटारिओच्या संहितेतील गुणवत्तेचे प्रकरण, ८३.१ च्या कलमासह, असावे अशी माझी इच्छा आहे.