दिव्यात नवीन आहात? ग्रुपमध्ये बोलायला लागा

परवा कणकवलीहून दिवा पूर्वेला राहायला आलेल्या एका ताईने विचारलं, "दादा, इथे ओळखी कशा करायच्या?"

दिव्यात कोकणातली माणसं भरपूर, सावंतवाडीची गाडीही इथूनच सुटते. म्हणून आधी आपल्या तालुक्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शोधा. मग सोसायटीचा, आणि रोजच्या लोकलचा.

माझ्या मते लोकलचा ग्रुप सगळ्यात कामाचा. गाडी रखडली की पहिली खबर तिथेच. शिवाय डब्यात रोज तीच माणसं भेटतात, त्यामुळे ओळख फोनपुरती राहत नाही.

ग्रुपमध्ये आलात की दोन ओळींत स्वतःची ओळख करून द्या. प्रश्न नेमका विचारा. 'चांगला डॉक्टर सांगा' याला फारशी उत्तरं येत नाहीत. 'रविवारी मुलांचा कोणता दवाखाना उघडा असतो?' याला लगेच येतात. दुसऱ्यांच्या प्रश्नांनाही उत्तरं द्या, अगदी पाणी किती वाजता आलं एवढंही चालतं.

फ्लॅट नंबर, मुलांची शाळा टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत 'ग्रुप्स'साठी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढणार नाही. कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच, तर तातडीने १९३० ला फोन करा.

दिव्यात नवीन असाल आणि काही अडत असेल, तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.