अज्ञात वाहनाच्या धडकेत

बातमी पाच शब्दांची असते. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.’ वर्तमानपत्राच्या टेबलावर उमेदवारी करत असताना मी स्वतः असे मथळे कितीतरी वेळा दिले आहेत. पानाच्या तळाशी कुठे दोन इंच जागा उरली, की ही बातमी हमखास उपयोगी पडायची. पोलीस ठाण्याचे नाव, वेळ, मृताचे नाव आणि गाव. नाव मिळालेच नाही तर ‘अनोळखी इसम, वय अंदाजे पंचेचाळीस’. म्हणजे ज्याने धडक दिली तो अज्ञात आणि ज्याला धडक बसली तोही अनोळखी. दोघांमध्ये ओळखीचा असायचा तो फक्त रस्ता.

त्या पाच शब्दांचे व्याकरण तेव्हा कधी खटकले नाही. धडक वाहनाची, वाहन चालवणाऱ्याची नव्हे. जणू ते वाहन कुणी चालवतच नव्हते. आपण होऊन कुठूनसे आले आणि निघूनही गेले.

आज नोव्हेंबरमधला तिसरा रविवार. रस्त्यावर जीव गमावलेल्यांचे स्मरण जगभर याच दिवशी केले जाते. १९९३ साली ब्रिटनमध्ये अशा कुटुंबांनी एकत्र येऊन याची सुरुवात केली आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी या दिवसाला मान्यता दिली. आपल्याकडे रस्ता सुरक्षा सप्ताहाचे फलक लागतात, भाषणे होतात, शाळकरी मुलांची फेरी निघते. पण जे गेले त्यांची नावे घेण्याची पद्धत मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून आज निदान एक-दोन नावे घेऊ.

२८ फेब्रुवारी २०२४. बुधवारची पहाट, सहा वाजायला थोडा अवकाश. नवी मुंबईतल्या नेरूळजवळ पाम बीच रस्त्यावरून अवतार सैनी सायकलने चालले होते. वय अडुसष्ट. सोबतीला सायकलवाले मित्रही होते. एका भाड्याच्या मोटारीने त्यांना मागून धडक दिली. सायकल मोटारीच्या पुढच्या चाकाखाली अडकली होती, तरी चालकाने गाडी दामटून निघून जाण्याचा प्रयत्न केला. सैनी वाचले नाहीत.

सैनी कोण होते? इंटेल कंपनीच्या भारतातल्या शाखेचे ते माजी प्रमुख. ३८६ आणि ४८६ या संगणकाच्या चिपांवर त्यांनी काम केले आणि १९९३ साली आलेल्या पेंटियमच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. आपल्यापैकी ज्यांनी पहिला संगणक नव्वदच्या दशकात पाहिला, त्यांच्यापैकी पुष्कळांनी नकळत सैनींच्या हातचे काम वापरलेले आहे. संगणकाचा वेग वाढवण्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्तीनंतर सायकलीच्या वेगाने जगू पाहत होता. तो गेला दुसऱ्याच कुणाच्या वेगापायी.

सैनींच्या आधी, २०१७ सालच्या नोव्हेंबरात, मुंबईचे ज्येष्ठ सायकलपटू अशोक खळे असेच गेले. साठी उलटली तरी तरुण पोरांना मागे टाकणारा हा माणूस. महामार्गावर वाहनाची धडक बसली आणि मुंबईच्या सायकलवाल्यांचा वडीलधारा हरपला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इटलीत मिकेले स्कार्पोनी हा नामांकित शर्यतपटू घराजवळ सराव करत असताना व्हॅनखाली सापडला. २०११ची इटलीची मोठी शर्यत, ‘जिरो’, त्याच्या नावावर आहे. सरावाच्या वाटेवर एक पोपट येऊन त्याच्या खांद्यावर बसायचा, त्याची छायाचित्रे जगभर पाहिली गेली होती. म्हणजे सायकल उत्तम चालवता येणे हा काही वाचण्याचा उपाय नव्हे. या तिघांपेक्षा सायकल चांगली चालवणारा माणूस आपल्या गल्लीत सापडणे कठीण.

पण ही नावाजलेली माणसे होती म्हणून बातमी चार दिवस टिकली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सायकलवाले ४,८३६, म्हणजे दिवसाला तेरा. या तेरांत महागडी सायकल आणि शिरस्त्राण असलेला एखादाच. बाकीचे पाळीवर निघालेले कामगार, दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन, शेतावर जाणारे गडी आणि शाळेत जाणारी पोरे. त्यांना सायकलचा छंद नसतो, त्यांच्याकडे दुसरे काही नसते एवढेच.

मी गंगापूर रोडला राहतो आणि सायकल चालवतो. पहाटे नव्हे, सायंकाळी, कारण पहाटे उठण्याचा गुण माझ्या अंगी नाही. अशोकस्तंभावरून निघायचे, केटीएचएम महाविद्यालय मागे टाकायचे, जेहान सर्कल, पुढे आनंदवल्ली, मग सोमेश्वराचे देऊळ. पायांत जीव असला तर धरणाच्या दिशेने आणखी थोडे. जुने नाशिककर सांगतात, की एके काळी या रस्त्याला दुतर्फा मळे होते आणि सोमेश्वरला जाणे म्हणजे गावाबाहेर सहलीला जाणे. तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दिवा नसला किंवा डबलसीट बसलेले दिसले, की हवालदार चाकातली हवा सोडून द्यायचा. आज हसू येते; पण त्या हवालदाराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती, की सायकल हे वाहन आहे आणि त्याला रस्त्याचा नियम लागू आहे. आज सायकलवाल्याला कुणी अडवत नाही. तो कुणाला दिसतच नाही!

आणि हे नाशिकमध्ये घडते याचे विशेष वाटते. याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पुरी केली. २०१७ साली नाशिकला लष्करी सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पंढरपूरच्या सायकल वारीला इथून दर वर्षी शेकडो माणसे निघतात. सायकलचे कौतुक आपल्याला भरपूर आहे. जागा तेवढी नाही. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ असा जेमतेम सव्वा किलोमीटरचाही नसलेला ‘स्मार्ट’ रस्ता बांधायला किती काळ लागला हे नाशिककरांना सांगायला नको. त्याच्या कडेला सायकलसाठी पट्टाही आखला. त्या पट्ट्यावर संध्याकाळी काय उभे असते, ते ज्याचे त्याने जाऊन पाहावे.

गंगापूर रोडची आणखी एक कथा आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा काही जुनी झाडे कडेची मधे आली आणि डांबरातच उभी राहिली. रात्री भरधाव वाहने त्यांच्यावर आदळू लागली, माणसे दगावली आणि झाडे तोडावीत की ठेवावीत यावर गावात दोन तट पडले. नाशिकच्या रस्त्यांवरच्या झाडांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते, ते नाकारत नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. झाडाला आरोपी करणे सोपे असते. ते पळून जात नाही.

माणूस पळून जातो. २०२२ सालीच धडक देऊन पळून गेल्याच्या घटनांत देशात ३०,४८६ जण मेले. जखमी रस्त्यावर पडला असताना पहिली काही मिनिटे मोलाची असतात आणि नेमक्या त्याच मिनिटांत चालक गाडी दामटतो. का? मारहाणीची भीती, पोलिसांची भीती, पोटावर पाय येण्याची भीती. नव्या न्याय संहितेत कलम १०६च्या दुसऱ्या भागात अशा पळून जाण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. आपल्या मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकरही थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने माघार घेतली. त्या वर्षी जुलैत संहिता लागू झाली, ती हा भाग बाजूला ठेवून.

चालकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. थांबलो तर जमाव ठार मारील, हे त्यांचे वाक्य कुणालाच खोडून काढता आले नाही. जमावाला आवर घालण्याचे काम दहा वर्षांची शिक्षा करू शकत नाही. पण थांबायचे नसेल तर पुढच्या चौकातल्या पोलिसाला सांगावे, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. एवढेही होत नाही, याला मात्र माझ्यापाशी सबब नाही.

पळून गेलेला सापडला नाही तर मेलेल्याच्या घरच्यांना सरकार भरपाई देते, हे किती वाचकांना ठाऊक आहे? १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार आहे. आधी मृत्यूचे पंचवीस हजारच होते. अर्ज इतके थोडे येत, की जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची दखल घ्यावी लागली आणि पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची माहिती द्यावी असा आदेश काढावा लागला. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यालाही आता भ्यायचे कारण नाही. २०१६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३४-अ यांनी त्याला संरक्षण दिले आहे. आपले नाव-गाव सांगायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे.

आता वेगाविषयी, कारण सगळे शेवटी तिथेच येते. २०२२च्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या पुढे कारण लिहिले आहे ते अतिवेग. शाळेतले गणित आठवून पाहा. ताशी तीस किलोमीटरने येणाऱ्या मोटारीची टक्कर म्हणजे साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडणे. ताशी पन्नासची टक्कर म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तीन मजले. सत्तरची म्हणजे सहावा मजला. जेहान सर्कलच्या पुढे रात्री दहानंतर किती मजल्यांची वाहतूक चालते, हे मी रोज माझ्या गॅलरीतून ऐकतो.

शिरस्त्राण घालावे, जरूर घालावे. २०२१च्या स्वातंत्र्यदिनापासून नाशिक पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम चालवली होती. तिची चेष्टा झाली, तरी मला ती पटली होती. पण मागून तीन मजले अंगावर येत असताना डोक्यावरच्या टोपीचा किती आधार, हेही कुणी सांगावे.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी एका मोटारीचा आरसा माझ्या कोपराला लागला. लागला म्हणजे चाटून गेला. मी पडलो नाही, हात दोन दिवस काळानिळा राहिला एवढेच. चालकाला कळलेही नसेल. पुढे जेव्हा वाचनात आले, की २००३च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या डॅलसजवळ लॅरी श्वार्ट्झ नावाचा सायकलपटू शाळेच्या बसच्या आरशाचाच धक्का लागून गेला, तेव्हा कोपर पुन्हा दुखल्यासारखे झाले. श्वार्ट्झचा मित्र ख्रिस फेलन याने काही दिवसांत एक फेरी काढली. हजारभर माणसे जमली. घोषणा नाहीत, फलक नाहीत, कुणी एक शब्द बोलायचा नाही, आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. ही मूक फेरी आता मे महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारी जगात ठिकठिकाणी निघते. त्याच वर्षी सेंट लुईस शहरात कुणा एकाने अपघाताच्या जागी मोडकी सायकल पांढरी रंगवून उभी केली, ‘इथे सायकलस्वाराला धडक बसली’ अशी पाटी लावून. तीही प्रथा पसरली. आपल्याकडे अशी सायकल तिसऱ्या दिवशी भंगारात दिसेल हे मला कळते. तरी एकदा ठेवून पाहावी असे वाटते.

हॉलंडचे उदाहरण लोक नेहमी देतात, आणि ‘तिकडची गोष्ट वेगळी’ म्हणून विषय संपवतात. तिकडची गोष्ट वेगळी नव्हती. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलने शाळेत जाताना गेली. १९७२ साली त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता ‘मुलांची हत्या थांबवा’. ‘अपघात’ नव्हे, ‘हत्या’. त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले, आणि आज आपण छायाचित्रांत पाहतो ते सायकलचे रस्ते त्यानंतर झाले. तिथल्या बळींचा वर्षाचा आकडा आता सातशेच्या आसपास आहे. त्या माणसाने मथळा बदलला होता. मी इतकी वर्षे तोच पाच शब्दांचा मथळा देत राहिलो.

अलीकडे मी लाल चमकत्या पट्टीचे एक रीळ पिशवीत ठेवतो. सुट्या भागांच्या दुकानात ती स्वस्त मिळते. सायंकाळी आनंदवल्लीच्या पुढे रात्रपाळीचे वॉचमन भेटतात. मळकी सायकल, दिवा नाही, मागच्या मडगार्डवरचे भिंग कधीच फुटलेले. थांबवून विचारले, की पहिल्यांदा ते घाबरतात. परवा एका साठीच्या गृहस्थांना थांबवले. ‘काय झालं साहेब?’ म्हणाले. मी म्हटले, ‘काही नाही मामा, एक मिनिट उभे राहा.’ मडगार्ड पुसले, वीतभर पट्टी चिकटवली, आणखी दोन तुकडे पायडलला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चार पावले मागे गेले, उजेड टाकून पाहिले.

‘लांबून दिसतं का हो हे?’

‘दिसतं.’

त्यांनी पुन्हा एकदा उजेड टाकला. मग म्हणाले, ‘माझ्या पोराच्या सायकलला पण लावायचंय. थोडी तोडून द्या की.’